शॉकॲब्झॉर्बर बदलताना मणक्यालाही विचारा

सातारा ते सांगली हे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटरचे. पण एवढ्या अंतरात रस्त्याचे किती प्रकार चाकाखालून जातात! शेंद्रे ते कागल या टप्प्यात महामार्गाचे सहापदरीकरण सुरू झाल्यापासून वळवलेले रस्ते आणि अर्धवट सेवारस्ते वाहनचालकांच्या पाचवीला पुजले आहेत. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळणारा रस्ता तर वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठीच गाजला आणि त्यासाठी आंदोलनेही झाली. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा स्वभावही यात भर घालतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटांसारखा होतो. त्यावर प्रत्येक गावच्या वेशीला एक गतिरोधक असतोच, कधी कधी दोन.

अशा रस्त्यांवरून रोज ये-जा करणारा माणूस एक दिवस कंबर धरून गॅरेजमध्ये उभा राहतो आणि म्हणतो, ‘शॉकअप बदलून टाका, चांगले भारी बसवा.’ कंपनीने दिलेले शॉकॲब्झॉर्बर काढून बाजारात मिळणारे दुसरे, ‘जास्त दणकट’ म्हणून विकले जाणारे बसवण्याची पद्धत अलीकडे सातारा, कराड, सांगली, मिरज अशा सगळीकडे रुळली आहे. कोणी गाडीची उंची वाढवून घेतो, कोणी स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर घालून घेतो. खर्च होतो, गाडी रुबाबदार दिसते, वळणावर झुकायची कमी होते. कंबर मात्र अनेकदा पहिल्यासारखीच दुखत राहते, क्वचित जास्तच. असे का होते, हे समजून घ्यायला गाडीचे आणि शरीराचे थोडे विज्ञान एकत्र वाचावे लागते.

पहिला गैरसमज नावातच आहे. शॉकॲब्झॉर्बर म्हणजे धक्का पिऊन टाकणारा, असे वाटते. प्रत्यक्षात खड्ड्याचा धक्का आधी टायर झेलतो आणि मग स्प्रिंग झेलते. गाडीचे वजनही स्प्रिंगच पेलते. पण स्प्रिंगची एक खोड आहे. दाबली की ती उसळते आणि मग खाली-वर होतच राहते. हे डोलणे थांबवणे हे शॉकॲब्झॉर्बरचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि एक दट्ट्या. दट्ट्या हलला की तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून मोठ्या कष्टाने पलीकडे जाते. या घर्षणात हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून गाडी दामटून आणल्यावर शॉकॲब्झॉर्बर गरम लागतो, तो याचमुळे. काही प्रकारांत तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि लांबच्या प्रवासातही त्याचे काम मंदावत नाही.

म्हणजे शॉकॲब्झॉर्बरचे काम औषधाच्या मात्रेसारखे असते. मात्रा कमी पडली तर गाडी होडीसारखी डोलत राहते. जास्त झाली तर स्प्रिंगला हलायलाच मिळत नाही आणि रस्त्याचा प्रत्येक खडा थेट आसनापर्यंत पोहोचतो. ‘कडक’ म्हणजे ‘चांगला’ हे समीकरण इथेच चुकते. जास्त ताकदीची गोळी म्हणजे जास्त चांगली गोळी, या समजुतीचाच हा भाऊ.

आता शरीराकडे वळू. माणसाचे शरीर आसनावर ठेवलेले पोते नव्हे. डोके, छाती, पोटातले अवयव आणि मणके यांनाही आपापल्या ठरावीक गतीने हलायची सवय असते. चालताना शरीर सेकंदाला सुमारे दोनदा खाली-वर होते. त्या गतीची शरीराला जन्माची ओळख आहे, म्हणून ती त्रास देत नाही. प्रवासी मोटारीची स्प्रिंग साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा डोलेल अशी बनवतात, ती याच कारणाने. पण बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ वेळा उभे हादरे बसू लागले की गोष्ट बदलते. या टप्प्यात शरीराची स्वतःची कंपने हादऱ्यांशी जुळतात. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावला की तो उंच जातो, तसे आसनाकडून आलेले कंपन कमरेत आणि छातीत वाढते. अंगभर बसणाऱ्या हादऱ्यांचे मोजमाप करणारे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानकही उभ्या दिशेने चार ते आठच्या या पट्ट्यालाच सर्वाधिक वजन देते.

याचा अर्थ असा की हादरा किती मोठा, इतकेच पाहून चालत नाही. तो किती वेगाने पुन्हा पुन्हा येतो, हेही पाहावे लागते. स्प्रिंग कडक केली, त्यात रबराचा बफर घातला, की गाडीचे डोलणे जलद होते. एक ते दीडवरून ते दोनच्या पुढे सरकू लागते. म्हणजे गाडी मणक्याला सोसणाऱ्या पट्ट्यातून निघून न सोसणाऱ्या पट्ट्याच्या दिशेने जाते. गतिरोधकावर गाडीचे पोट घासू नये म्हणून केलेला उपाय असा पाठीवर बसतो. मोठ्या चकत्यांची अलॉय चाके आणि कमी उंचीचे टायर यांचेही तेच. टायरची जाडी कमी झाली की धक्का झेलणारी पहिली गादीच पातळ होते. आधी हौसेने अशी चाके घालायची आणि मग हादरे बसतात म्हणून शॉकॲब्झॉर्बर बदलायचे, असा दुहेरी खर्च करणारे कमी नाहीत.

गतिरोधकाचा एक ढोबळ हिशेब पाहण्यासारखा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार नेहमीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे. या वेगाने चाक त्यावरून जायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. म्हणजे तो धक्का सेकंदाला दोनदा या चालीचा झाला, चालण्याच्या ओळखीचा. तोच गतिरोधक ताशी ६० च्या वेगाने ओलांडला तर वेळ उरतो सेकंदाच्या पाचव्या भागाहून थोडा जास्त. मग धक्क्याची चाल सेकंदाला साडेचारच्या आसपास जाते, म्हणजे नेमकी कमरेला न सोसणारी. वेग हेच इथे औषध आहे आणि ते फुकट मिळते. मात्र गावोगाव रातोरात उभे राहणारे हात-दीड हात रुंदीचे उभे उंचवटे या हिशेबात बसतच नाहीत. तिथे ताशी २५ चा वेगही जास्त ठरतो आणि कोणताही भारी शॉकॲब्झॉर्बर पुरा पडत नाही.

या हादऱ्यांनी मणक्यात काय होते? दोन मणक्यांमध्ये चकती असते. तरुणपणी तिच्या गाभ्यात बहुतांश पाणीच असते. प्रौढ वयात चकतीला स्वतःचा थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण शेजारच्या हाडातून झिरपून होते, त्यामुळे झालेली झीज भरून यायला वेळ लागतो. पोक काढून बसले की कमरेच्या चकतीवरचा दाब वाढतो. त्यात तासन्‌तास हादरे बसले की पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला आवळत राहतात आणि थकतात. थकलेले स्नायू मणक्याला नीट आधार देत नाहीत. ट्रक, बस आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांत कंबरदुखी आणि पायात उतरणारी कळ जास्त आढळते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. कंबरदुखीला बैठे काम, वाढलेले वजन, व्यायामाचा अभाव, तंबाखू अशी इतर कारणेही असतात. सगळा दोष रस्त्याच्या किंवा गाडीच्या माथी मारणे बरोबर नाही. पण रोज तीन-चार तास गाडीत काढणाऱ्याने हादऱ्यांना कारणांच्या यादीतून वगळणेही बरोबर नाही.

सर्वांत जास्त धोका असतो तो बहुधा गाडी न चालवणाऱ्याला. पासष्टीच्या पुढची आई किंवा आजी मागच्या आसनावर बसलेली असते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होत जातात आणि ते बाहेरून कळत नाही. चालकाला पुढचा गतिरोधक दिसतो, त्याचे हात सुकाणूवर असतात आणि अंग आपोआप सावध होते. मागे बसलेल्याला ती सूचना मिळत नाही. मागच्या चाकांच्या वर किंवा त्यामागे बसलेला माणूस आसनावरून उचलला जाऊन परत आदळतो. तेवढ्याने ठिसूळ मणका दबून मोडू शकतो, विशेषतः छातीचा भाग संपून कंबर सुरू होते तिथला. घरी मात्र ‘उसण भरली’ म्हणून मालिश होते, शेक दिला जातो आणि आठवडे निघून जातात.

मग शॉकॲब्झॉर्बर बदलूच नयेत का? जरूर बदलावेत, पण योग्य कारणासाठी. झिजलेला शॉकॲब्झॉर्बर हे बदलण्याचे सर्वांत भक्कम कारण आहे. तो रक्तदाबासारखा गुपचूप बिघडतो. रोज थोडा थोडा कमी काम करतो आणि चालकाला त्याची सवय होत जाते. तो निकामी झाला की त्रास फक्त कंबरेपुरता राहत नाही. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारू लागते आणि हवेत असलेल्या टायरला ब्रेक लागत नाही. खराब रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, वळणावर ती घसरू शकते. खंबाटकी, पसरणी किंवा कुंभार्ली घाटात ही गोष्ट जिवावर बेतू शकते. नळीवर तेलाचा ओघळ दिसणे, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजणे, ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक खाली जाणे, एका उसळीनंतर गाडी न थांबता डोलत राहणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी गाडीला मुळात जे माप दिले आहे त्याच मापाचे, चांगल्या दर्जाचे शॉकॲब्झॉर्बर बसवावेत. एका बाजूचा बदलून दुसरा तसाच ठेवू नये, पुढची किंवा मागची जोडी एकदमच बदलावी. बुश, लिंक रॉड आणि वरचे माउंटिंग त्याच वेळी तपासून घ्यावे. ‘खडखड’ अनेकदा तिथून येत असते आणि दोष शॉकॲब्झॉर्बरला दिला जातो.

कडक शॉकॲब्झॉर्बरचीही काही बाजू आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. गाडी कायम भरलेली असेल, मागे सतत माल असेल, तर मूळ मापाचे कमी पडू शकतात. घाटात गाडी फार झुकत असेल तर थोडे जास्त नियंत्रण देणारे उपयोगी पडतात. अतिशय मंद डोलण्यानेही माणसाला त्रास होतो. सेकंदाला अर्ध्याहून कमी वेळा होणाऱ्या हेलकाव्यांनी मळमळते, ‘गाडी लागते’. महाबळेश्वरला जाताना मुलांना हा अनुभव येतो. तेव्हा फार मऊ गाडी हाही काही आदर्श नव्हे. मुद्दा एवढाच की निवड गाडी कशासाठी वापरायची आणि तिच्यात कोण बसणार, हे पाहून व्हावी. शेजाऱ्याने काय बसवले किंवा चित्रफितीत काय सुंदर दिसले, यावरून होऊ नये. घरात मणक्याचा रुग्ण असेल तर बदल करण्याआधी तसेच शॉकॲब्झॉर्बर बसवलेल्या गाडीतून, मागच्या आसनावर बसून, नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. ती चाचणी कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरी.

उंची वाढवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उंच केलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपयांच्या दंडाची आणि कैदेचीही तरतूद आली. झिजलेला भाग त्याच मापाच्या भागाने बदलणे वेगळे आणि गाडीची घडणच बदलणे वेगळे.

पैसे खर्च करण्याआधी बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या प्रमाणातच टायरमध्ये हवा भरावी. ‘थोडी जास्त मारून ठेवा’ म्हटले की टायर दगड होतो. पाठ टेकून, आसन किंचित मागे झुकवून बसावे आणि कमरेच्या खळग्यात छोटी उशी ठेवावी. मागच्या खिशातले जाड पाकीट काढावे. वयस्क माणसांना पुढच्या आसनावर किंवा मोठ्या गाडीत मधल्या रांगेत बसवावे, शेवटच्या रांगेत नव्हे. पट्टा सगळ्यांनी लावावा. तो अपघातात जीव वाचवतोच, उसळून आदळण्यालाही थोडा आळा घालतो. तासा-दीड तासाने थांबून चार पावले चालावे. लांबच्या प्रवासानंतर उतरल्या उतरल्या डिकीतले पोते किंवा सिलिंडर उचलू नये. हादऱ्यांनी थकलेल्या पाठीला आधी पाच-दहा मिनिटे सावरू द्यावे. कितीतरी जणांची कंबर प्रवासात टिकते आणि घराच्या दारात धरते.

इथपर्यंतचा विचार ज्याच्याकडे स्वतःची मोटार आहे त्याचा झाला. या दोन जिल्ह्यांत रस्त्यावरचे बरेच लोक तसे नाहीत. वडापच्या जीपमध्ये मागे आडव्या बाकावर बसलेली बाई मागच्या चाकांच्या अगदी वर असते आणि तिच्यामागे पाठ टेकायला नीट जागाही नसते. एसटीच्या शेवटच्या रांगेतले विद्यार्थी आणि दुचाकीवरून औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार यांनी कोणते शॉकॲब्झॉर्बर बसवायचे? ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना तर सहसा स्प्रिंगही नसते आणि शॉकॲब्झॉर्बरही. सगळा भार टायर आणि आसनाखालच्या स्प्रिंगवर. गळीत हंगामात उसाची खेप घेऊन रात्रंदिवस फिरणारा चालक सेकंदाला चारच्या आसपासचे हादरे महिनोन्‌महिने सोसतो. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॉलीत बसून येतात-जातात, त्यांत गर्भवती बायकाही असतात. युरोपात १९९२ पासून गर्भवती कामगारांसाठीच्या धोक्यांच्या यादीत धक्के आणि कंपने यांची नोंद आहे. तिथे २००२ च्या निर्देशानुसार कामगाराला दिवसभरात किती हादरे बसू द्यायचे याला कायद्याची मर्यादाही आहे. उसाच्या फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतच्या रस्त्यावर ते मोजणारेही कोणी दिसत नाही.

रुग्णवाहिकेचा प्रश्न याहून तातडीचा. जत, आटपाडी किंवा पाटणच्या डोंगरी भागातून मोडलेले हाड, डोक्याला मार किंवा अडलेली बाळंतीण घेऊन निघालेली गाडी मिरजेला किंवा साताऱ्याला पोहोचेपर्यंत प्रत्येक खड्डा रुग्णाच्या अंगावर घेते. वेगाने जावे तर हादरे, हळू जावे तर उशीर. म्हणून रुग्णवाहिकेचे शॉकॲब्झॉर्बर आणि टायर यांची तपासणी ऑक्सिजनच्या सिलिंडरइतकीच नियमाने व्हायला हवी. बाहेरून बसवायच्या चांगल्या शॉकॲब्झॉर्बरवर खर्च करायचाच असेल, तर त्याची पहिली हक्कदार हीच गाडी.

खरा शॉकॲब्झॉर्बर म्हणजे रस्ता. खड्डेमुक्त रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे. रस्ता बिघडला की ज्याला परवडते तो गाडी सुधारून घेतो आणि तक्रार करायची थांबतो. ज्याला परवडत नाही त्याची तक्रार कोणी ऐकत नाही. ग्रामपंचायतींनी मनाप्रमाणे उभारलेले गतिरोधक मापात आणणे, त्यावर पट्टे मारणे आणि आधी फलक लावणे याला फार मोठा निधी लागत नाही. निदान रुग्णालयांकडे जाणाऱ्या रस्त्यांपासून तरी सुरुवात व्हावी.

शेवटी एक सूचना. गाडीत आदळल्यानंतर वयस्क माणसाची पाठ अचानक आणि तीव्र दुखू लागली तर मालिश न करता एक्स-रे काढून घ्यावा. कंबरेची कळ पायात उतरून पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, मांड्यांच्या मधल्या भागाची संवेदना गेली असेल, तर गॅरेज नको, औषधाचे दुकानही नको. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शॉकॲब्झॉर्बरची जोडी बदलता येते, मणक्यांची बदलता येत नाही.